भरायची तर नदीतूनच

कंडक्टरबाई आमच्या गल्लीत आल्या त्या घड्याळजींची बायको म्हणून. पण बसच्या नोकरीत लागल्या आणि थोड्याच दिवसांत साऱ्या गल्लीच्या कंडक्टरबाई झाल्या. त्यांच्या सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी "आमच्या कंडक्टरबाई आल्या का ड्यूटीवरून?" असंच विचारायच्या.

अंगाने किरकोळ, चालणं झपझप, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा माणूस चप्पल शोधायला लागतो. घड्याळजी रस्त्याकडच्या खोलीत खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. बोलणं कमी. त्यांची तक्रार एकच, की ही घरात असली की टोल्यांची घड्याळं दुरुस्त करता येत नाहीत, टोला पडला की नाही तेच कळत नाही. हे ते बाईंच्या तोंडावर सांगतात, आणि बाई "मग कान दाखवून या डॉक्टरांना" म्हणत स्वयंपाकघरात जातात.

त्यांचा स्वभाव सांगायला मला एक प्रसंग पुरतो. एका सकाळी बसला चुकून दुसऱ्याच मार्गाची पाटी लागली होती. माणसं रोजची, बस कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक. ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या थांब्यावर बदलू. बाईंनी घंटा मारली नाही. भरलेली बस तशीच उभी ठेवून त्यांनी पाटी बदलून घेतली. पाटीवर एक लिहायचं आणि जायचं भलतीकडेच, हे मला जमायचं नाही, असं त्या म्हणाल्या. कामावर जाणाऱ्यांनी चिडचिड केली ती त्यांनी ऐकून घेतली.

आमची नदी फार मोठी नाही. पूल ओलांडायला बसला एखादी जांभई देण्याइतका वेळ लागतो. पण गाव तिच्या दोन्ही अंगांना वसलेलं आहे, आणि वर्षातून एकदा, ऊन तापायला लागायच्या आधी, दोन्ही काठांवरच्या गल्ल्या मिळून नदीचा दिवस पाळतात. ज्या गल्लीची पाळी असेल तिच्यातलं एक माणूस पितळेची कळशी घेऊन पायऱ्या उतरतं, गुडघाभर पाण्यात उभं राहतं आणि कळशी भरून वर आणतं. पायऱ्यांवर सगळे ओळीने बसलेले असतात. प्रत्येकाच्या ओंजळीत थोडं थोडं पाणी घालायचं. ते डोळ्यांना लावायचं आणि मनातल्या मनात नदीला एक शब्द द्यायचा, की तुला जपू. भाषण नाही, वाजंत्री नाही. मला तो दिवस फार आवडतो तो त्यामुळेच.

कळशी असते ती कंडक्टरबाईंच्या थोरल्या जाऊबाईंकडे. त्या दोन घरं सोडून राहतात. त्यांचे यजमान होते तोवर या दिवसाची सगळी व्यवस्था तेच बघायचे. ते गेल्यावर जाऊबाईंनी ती तशीच पुढे चालवली. उंच, ताठ, पदर कधी ढळलेला नाही. कंडक्टरबाई भरल्या बसमध्ये दांडगटाला खाली उतरवतात, पण जाऊबाईंपुढे त्यांचा आवाज निम्म्यावर येतो.

त्या वर्षी पाळी आमच्या गल्लीची आली आणि कळशी आणायला सगळ्यांनी कंडक्टरबाईंचंच नाव घेतलं. त्यांना आनंद झाला होता. तो लपवायला म्हणून त्या दिवसभर सगळ्यांवर खेकसत होत्या. फक्त कमरेची काळजी होती. आयुष्यभर उभं राहून नोकरी, त्यात भरलेली कळशी घेऊन इतक्या पायऱ्या. म्हणून सराव करावा या विचाराने त्या जाऊबाईंकडे गेल्या आणि भरून किती जड होते ते बघू द्या म्हणाल्या.

जाऊबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की भरण्याची काळजी नको, ती मीच घरून भरून देते. नळाचं गाळलेलं पाणी असतं. पाण्यात उतरायचं, वाकायचं, कळशीचं बूड नदीला टेकवायचं आणि वर यायचं. लांबून कुणाला काही कळत नाही.

एखाद्या घरात पाहुण्यांसाठी वेगळे कप असतात ते सांगावं, इतक्या साधेपणाने त्या बोलल्या. हे कधीपासून, असं कंडक्टरबाईंनी विचारलं. तेव्हा हातातला लसूण खाली ठेवून जाऊबाईंनी सांगितलं. एका वर्षी त्यांचे यजमान असेच पाणी घेऊन वर आले होते. पुढच्या ओळीतल्या एका बाईने वासाने तोंड फिरवलं आणि हात मागे घेतला. तिचं पाहून दुसरीने, मग तिसऱ्याने. ते कळशी हातात धरून तसेच उभे. काय करावं ते त्यांना सुचेना. जाऊबाईंना ते पाहवलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कळशी घरूनच भरली आणि ज्याची पाळी होती त्याला पोचवायला म्हणून नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने वजनावरून ओळखलं, पण शब्द काढला नाही. मग एकाचं पाहून एकाला कळत गेलं आणि सगळे गप्प बसले.

"म्हणजे पाटी नदीची आणि गाडी नळाची," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"काय म्हणायचंय ते सरळ म्हण."

"मी भरायची तर नदीतूनच भरेन, जाऊबाई."

"आणि माणसं तोंड फिरवतील तेव्हा?"

"फिरवणार नाहीत असं करू पाणी."

जाऊबाई हसल्या. "ती काय बंद पडलेली बस आहे? चार जणांनी उतरून ढकलली की झालं?"

पण दिवस हाताशी होते. पुढच्या सुट्टीला कंडक्टरबाई जुने बूट, एक दाताळं आणि घमेलं घेऊन काठावर गेल्या. पहिल्या खेपेला एकट्याच. दुसऱ्या खेपेला घड्याळजी मागोमाग आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, घरात तुझा आवाज नाही, काम सुचेना.

काठावरून काय काय निघालं ते सांगायला हवं. पिशव्या, बाटल्या, फाटक्या गाद्या, हे तर होतंच. पण त्याहून जास्त होती ती नीट बांधलेली गाठोडी. धुतलेल्या कापडात गुंडाळलेली, वर गाठ मारलेली. एकात कुणाचा चष्मा आणि काठीची मूठ, एकात लहान मुलाचे जोडे, एकात काच फुटलेली तसबीर, एकात प्रेमपत्रांचा लगदा. आमच्या गावाची ही खोड आहे. जे कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजत नाही, ते आम्ही नदीत सोडतो. सोडताना हातही जोडतो. सगळ्या गावाने मान देऊन देऊन तिला अर्धी बुजवत आणली होती. चष्मे आणि चौकटी घड्याळजी घरी आणून पुसायचे आणि खिडकीत मांडून ठेवायचे. कुणी ओळखून नेलं तर नेलं.

ही गाठोडी कुठून येतात ते कंडक्टरबाईंना चांगलं माहीत होतं. पुलावर बस आली की खिडकीतून हात बाहेर जायचे. आजवर त्यांनी ते पाहून सोडून दिलं होतं. आता पूल जवळ आला की त्या खिडक्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहायला लागल्या. एकदा एक पोक्त गृहस्थ मांडीवर पुडकं घेऊन बसले होते आणि पूल दिसताच त्यांनी खिडकीची काच सरकवली. बाईंनी काय आहे विचारलं. गृहस्थ संकोचले. वडिलांच्या वस्तू आहेत म्हणाले. फार खोदून विचारल्यावर कळलं, त्यात कवळी होती.

"वडील पोहायचे का?" बाईंनी विचारलं.

"छे. पाण्याला फार भ्यायचे."

"मग आता कशाला ढकलताय त्यांना?"

सगळी बस हसली, आणि जरा वेळाने ते गृहस्थही हसले. पुडकं त्यांनी परत घरी नेलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते काठावर हजर होते, स्वतःचं फावडं घेऊन. आम्ही त्यांना कवळीवाले म्हणतो; त्यांना ते माहीत आहे आणि त्यांची हरकत नाही.

अशी माणसं वाढत गेली. बरीचशी बसमधलीच होती. बाई तिकीट फाडता फाडता विचारायच्या, सुट्टीला काय करताय, आणि उत्तर द्यायच्या आत वेळ सांगून मोकळ्या व्हायच्या. काठावरही त्यांनी बसचीच शिस्त लावली. रिकामी घमेली डावीकडून खाली, भरलेली उजवीकडून वर, आणि मध्ये उभं राहून गप्पा मारणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धक्के. हळूहळू पायऱ्यांच्या खालच्या बाजूला आणखी पायऱ्या निघाल्या. आमच्या वयाची माणसंही त्या विसरून गेली होती.

जाऊबाई आल्या नाहीत. घड्याळजी दारावरून जाताना दिसले की विचारायच्या, "झाले का तुमच्या नदीचे केस विंचरून?" घड्याळजी म्हणायचे, "गुंता फार आहे, वहिनी."

दिवस जवळ आला तसं पाणी खरंच निवळलं होतं. तळाचे गोटे दिसायचे, वास जवळजवळ नव्हता. कंडक्टरबाई अगदी खुशीत होत्या. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी पुतणीला पाणी तपासायला सांगितलं. ही जाऊबाईंची मुलगी. नगरपालिकेच्या पाणीखात्यात तपासणीचंच काम करते. काकूवर तिचा जीव. ती बाटल्या भरून घेऊन गेली आणि चार दिवसांनी संध्याकाळी आली ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"काकू, दिसायला स्वच्छ आहे. पण वरच्या वळणावर वेताच्या बेटामागे नवीन वस्तीचा नाला आहे ना, तो सरळ आत येतोय. संडासांचं पाणी आहे ते. डोळ्यांना लावू नका. हातावरसुद्धा घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाई ड्यूटी बदलून नगरपालिकेत गेल्या. नाला वळवायचा तर मोठा पाइप टाकावा लागेल, ते काम आमच्या दाताळ्या-फावड्यांचं नव्हतं. तिथले इंजिनियर सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, नकाशा काढून दाखवला. नाला वळवायची योजना जुनीच आहे म्हणाले, पण आधी जिथली ओरड जास्त तिथलं काम निघतं. तुमच्या भागातून कधी ओरडच नाही. शिवाय तुम्ही लोक दरवर्षी ते पाणी डोळ्यांना लावता असं ऐकलंय. मग इतकं वाईट कसं असेल?

तो माणूस खवचटपणे बोलला असता तर बाईंनी त्याला सोडलं नसतं. पण तो मनापासून विचारत होता.

घरी येऊन त्यांनी घड्याळजींना सगळं सांगितलं. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं आणि मग आता काय, असं विचारलं. नदीचं भरता येत नाही, नळाचं मी भरणार नाही, बाई म्हणाल्या. आणि हे जाऊबाईंच्या कानावर आधी घालायला हवं, म्हणून तशाच उठून त्यांच्याकडे गेल्या. इंजिनियर जे बोलले ते शब्द न बदलता सांगितलं. जाऊबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "परवा सकाळी ये. कळशी घेऊन जा."

नदीच्या दिवशी सकाळी कळशी उंबऱ्याशी ठेवलेली होती. घासून लख्ख. कंडक्टरबाईंनी उचलली आणि त्यांच्या लक्षात आलं. ती भरलेली होती.

"तुझ्या दिरांची लाज मी इतकी वर्षं झाकली," जाऊबाई म्हणाल्या. "तू आज चार लोकांत ती उघडी करणार."

"त्यांची कसली लाज, जाऊबाई? नदी त्यांनी घाण केली होती का?"

"हात त्यांच्यापासून मागे घेतले लोकांनी."

"पाण्यापासून घेतले. आणि मग आपण पाणीच बदललं, म्हणून नदीकडे कुणी बघितलं नाही." बाईंचा आवाज निम्म्यावर होता, पण थांबला नाही. "तुम्ही ओता ही. मी ओतली तर तुमचा अपमान होईल."

जाऊबाई आत गेल्या. मग दारातल्या जाऊबाईंच्याच पिंपाचं झाकण काढून कंडक्टरबाईंनी सगळं पाणी त्यात ओतलं, थेंबही बाहेर सांडू दिला नाही, झाकण लावलं आणि कळशी घेऊन निघाल्या.

पायऱ्या भरल्या होत्या. स्वच्छ काठ पाहायला म्हणून नेहमीपेक्षा जास्त माणसं आली होती. खालच्या, नव्याने निघालेल्या पायऱ्यांवर बसायला तर चढाओढ. पुतणीने काकूला गमबूट घातल्याशिवाय पाण्यात उतरू दिलं नाही. नवी साडी, हातात पितळेची कळशी आणि पायात काळे गमबूट, असा तो थाट होता. पुढच्या ओळीत खसखस पिकली. बाई गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. वाकल्या नाहीत. नदीकडे बघत थोडा वेळ थांबल्या आणि तशाच वळून वर आल्या.

पहिली ओंजळ कळशी सांभाळणाऱ्या घराची, अशी रीत आहे. जाऊबाई आल्या होत्या आणि आपल्या जागी ताठ बसल्या होत्या. त्यांनी ओंजळ पुढे केली. कंडक्टरबाईंनी कळशी वाकवली. काही पडलं नाही.

मग त्या सगळ्यांकडे वळल्या आणि बसमधल्या आवाजात बोलल्या. वरच्या पायरीपर्यंत एकेक शब्द गेला.

"या वर्षी कळशीत पाणी नाही. आजवर होतं ते नळाचं होतं. तुम्हाला माहीत होतं, माहीत नसेल त्याला आता झालं. काठ आपण साफ केला, पण वरून नाला येतोय. ते पाणी मी कुणाच्या डोळ्यांना लावू देणार नाही. नाला वळला की भरून आणू. तोवर रिकामी. ओंजळी पुढे करा, नदीला शब्द द्यायचा राहिलाय."

मागे कुजबुज सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ उठले, हा अपशकुन आहे म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. जाऊबाईंची ओंजळ अजून तशीच पुढे होती. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी ती ओंजळ सावकाश उचलली आणि दरवर्षी लावतात तशी डोळ्यांना लावली. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्यानंतर कवळीवाल्यांनी हात पुढे केले. मग मी. कंडक्टरबाई एकेकापुढे जात राहिल्या. रिकामी कळशी त्या प्रत्येकाच्या ओंजळीवर पुरती वाकवायच्या, घाई न करता. कुणी हात बांधून बसलं असेल तर तिकीट मागताना उभ्या राहतात तशा उभ्या राहायच्या, हात सुटेपर्यंत. एका बाईने शेवटपर्यंत हात सोडले नाहीत. कंडक्टरबाई तिला ठीक आहे म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्या आठवड्यात नगरपालिकेच्या जिन्यावर आमच्या दोन्ही काठांची माणसं उभी होती. कंडक्टरबाईंची ड्यूटी होती, त्या उशिरा पोचल्या. त्या पोचायच्या आधीच जाऊबाई इंजिनियरसाहेबांच्या खोलीत शिरल्या होत्या. पुतणी तिथेच काम करते, तिने नंतर सांगितलं. आईने पिशवीतून कळशी काढली आणि नकाशावर ठेवली.

"साहेब, तुम्ही विचारलं होतंत ना, पाणी वाईट कसं असेल? हिच्यात नळाचं असायचं. मी भरायची."

साहेबांनी कळशी उचलून आत पाहिलं म्हणे. त्यांना उगीचच वाटलं असेल, की आत काहीतरी असेल.

काम लगेच झालं नाही. मंजुरी झाली, पाइप आले, खोदाई सुरू झाली, मग ठेकेदाराचं आणि वस्तीचं भांडण झालं आणि खोदाई थांबली. कंडक्टरबाई दर सुट्टीला सकाळी काठावर आणि दुपारी चराशी, अशा दोन पाळ्या करत होत्या. बसमध्ये पुलावर हात बाहेर काढायची आता कुणाची छाती नाही. काढलाच तर शेजारचाच माणूस विचारतो, पोहायचे का.

नदीचा दिवस पुन्हा आला तेव्हा नाला अर्धाच वळला होता. पाळी पलीकडच्या काठाची होती. कळशी न्यायला त्यांचा पाववाला आला, मोठा धिप्पाड माणूस, पण जाऊबाईंपुढे चुळबुळत उभा. मी तिथेच होते. त्याने आधी हवापाण्याचं काढलं, मग हळूच म्हणाला, की आमच्याकडची म्हातारी माणसं गेल्या वर्षी फार नाराज झाली. या वर्षापुरतं पूर्वीसारखं केलं तर? थोडंसं घातलं तरी चालेल. कुणाला सांगणार नाही.

जाऊबाईंनी कळशी कपाटातून काढली, उपडी करून दाखवली आणि त्याच्या हातात दिली.

"अशीच ने. वर चढताना भरलेलीपेक्षा जड लागते, एवढं लक्षात ठेव. आणि आधी वरच्या वळणावर जाऊन नाल्याचा चर कुठपर्यंत आलाय ते बघून ये. विचारतील तेव्हा सांगता आलं पाहिजे."

पाववाल्याने मान डोलावली, कळशी बगलेत धरली आणि चराच्या दिशेने निघाला.